पंचवीस वॉटचा खर्ज

बास गिटार जमवणाऱ्या माणसाच्या घरी गेलात, तर तो आधी गिटारींच्या पेट्या उघडतो. ही जपानी, ही मेक्सिकन, हिचं नेक बघा, हिच्या खुंट्या मूळच्याच आहेत... चहा थंड होईपर्यंत हे चालतं. ज्यातून त्या सगळ्यांचा आवाज निघायचा, तो ॲम्प मात्र पलंगाखाली ढकललेला असतो, किंवा त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असतात. मला हे कधीच पटलेलं नाही. विजेवरची बास गिटार नुसती हातात घेऊन छेडली, तर शेजारी बसलेल्यालाही ती धड ऐकू येत नाही. अर्धं वाद्य लाकडात असतं, अर्धं त्या खोक्यात. तेव्हा हा लेख मुख्यतः खोक्यांबद्दल आहे, त्यातही घरात सरावाला ठेवतात त्या लहान खोक्यांबद्दल.

इतिहास सांगायलाच हवा, म्हणून एका दमात सांगतो. सिएटलच्या पॉल टटमार्कनं १९३६ च्या सुमारास आडवी धरून वाजवायची, फ्रेट असलेली विजेची बास केली, पण ती फारशी खपली नाही. कॅलिफोर्नियात लिओ फेंडरनं १९५१ मध्ये 'प्रिसिजन बास' काढली. ३४ इंचांची तार आणि २० फ्रेट. डबल बाससारखं सूर अंदाजानं शोधणं नाही, टॅक्सीच्या टपावर वाद्य बांधणं नाही. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी 'बासमन' ॲम्प आला आणि १९६० मध्ये 'जाझ बास'. जर्मनीत हॉफनरनं व्हायोलिनच्या आकाराची बास केली. पॉल मॅकार्टनीनं ती १९६१ मध्ये हॅम्बुर्गला विकत घेतली, १९७२ मध्ये ती लंडनमध्ये चोरीला गेली आणि सापडल्याची बातमी थेट २०२४ मध्ये आली. रिकनबॅकर, म्युझिक मॅन, यामाहा यांची माहिती कुठंही मिळते. झाला इतिहास.

आता एव्हरेट हल. हा स्वतः डबल बास वाजवणारा माणूस. माणसाहून उंच अशा त्या वाद्याच्या बुडाशी जमिनीवर टेकणारी एक खुंटी असते. न्यूयॉर्कच्या जाझ बँडमध्ये ट्रम्पेट आणि ड्रम्सच्या गलबल्यात डबल बास बुडून जाई. हलनं त्या खुंटीच्या वरच्या टोकाला, म्हणजे वाद्याच्या पोटात, मायक्रोफोन बसवला आणि १९४६ मध्ये एका भागीदाराबरोबर धंदा सुरू केला. तीच पुढं ॲम्पेग कंपनी झाली. तिथं जेस ऑलिव्हर नावाचा डोकेबाज माणूस आला आणि १९६० मध्ये त्यानं केलेला बी-१५, अर्थात 'पोर्टाफ्लेक्स', बाजारात आला. माझ्या मते बाससाठी याहून शहाणं खोकं कुणी केलेलं नाही.

त्यातली युक्ती बघा. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, बटणं असा सगळा संसार पेटीच्या झाकणावर बसवलेला. वाजवायचं असेल तेव्हा झाकण उलटं करायचं, व्हॉल्व्ह पेटीच्या डोक्यावर उभे राहतात आणि त्यांची उष्णता वर निघून जाते. कार्यक्रम संपला की झाकण परत उलटवायचं, व्हॉल्व्ह पोटात. आपल्याकडे जुन्या शिलाई मशिनचं डोकं टेबलाखाली उतरवून वर फळी लावत, अगदी तसं. झाकण घट्ट बसलं की आतल्या १५ इंची स्पीकरला नीट मापाची पेटी मिळते, आणि खर्जाला पेटीचं माप फार महत्त्वाचं. ताकद किती? २५ वॉट!

हलला रॉक अँड रोलचा मनस्वी तिटकारा होता. आवाज फाटता कामा नये, हा त्याचा हट्ट. म्हणूनच बी-१५ चा आवाज तसा बेताचा, पण गोल आणि भरीव. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमध्ये तो जवळपास घरचाच झाला होता. बासवाला नुसती गिटार घेऊन येई, ॲम्प तिथं हजर असे. पुढं १९६७ मध्ये हलनं कंपनी विकली, १९६९ मध्ये त्याच कंपनीनं ३०० वॉटचा, चौदा व्हॉल्व्हचा एसव्हीटी काढला आणि रोलिंग स्टोन्स तो घेऊन दौऱ्यावर निघाले. ते दोन माणसांनी उचलायचं धूड. त्याच्यावर प्रेम करणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही.

पंचवीस वॉटचा आकडा मला विशेष वाटतो, कारण आज दुकानात नवशिक्याच्या हाती देतात तो फेंडरचा 'रंबल २५' हाही तेवढ्याच वॉटचा. फरक व्हॉल्व्हचा आहे, आणि त्याहून अधिक १५ इंची स्पीकर आणि ८ इंची स्पीकर यांतला आहे. पण दुकानात वॉट विचारणारेच फार भेटतात. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं चढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर वॉट सुमारे दहापट लागतात. पंचविसावरून पन्नासावर जाण्यासाठी जे पैसे मोजतात, त्यात चांगली केबल आणि वर्षभराच्या तारा येतील.

काही वर्षांपूर्वी भाचीकडे मिशिगनला गेलो होतो. तिनं नायगराचा बेत आखला होता, मी डेट्रॉइट मागून घेतलं. "मामा, तिथं बघण्यासारखं काय आहे?" असं विचारत तिनं मला वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या घरासमोर सोडलं. साधं दुमजली घर, दर्शनी भागावर 'हिट्सव्हिल यू.एस.ए.' अशी निळी अक्षरं. बेरी गॉर्डीनं १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन कंपनी काढली आणि त्याच वर्षी हे घर घेतलं. त्या कंपनीची, म्हणजे मोटाउनची, बहुतेक गाजलेली गाणी मागच्या बाजूच्या एका खोलीत झाली. छतावरून लोंबणाऱ्या केबलींमुळं वादक तिला सापांचा खड्डा म्हणत. आज ते संग्रहालय आहे. आमच्या गटातले लोक गायकांच्या जागी उभे राहून टाळ्या वाजवत गात होते. मी खाली बघत, बासवाला कुठं बसत असेल याचा अंदाज घेत होतो.

तो बासवाला म्हणजे जेम्स जेमरसन. जन्म १९३६, साउथ कॅरोलायना. शिक्षण डबल बासवर, पुढं हातात १९६२ ची प्रिसिजन. उजव्या हाताच्या एका तर्जनीनं तो वाजवायचा. तारा जाड आणि सपाट वेटोळ्याच्या, त्या तो बदलतच नसे. फ्रेटपासून इतक्या उंच की दुसऱ्याला वाजवणं कठीण. ब्रिजवरच्या धातूच्या झाकणाखाली स्पंजाची पट्टी, म्हणून सूर 'धुम्' करून उठतो आणि लगेच विझतो. क्लबात वाजवताना त्याच्यामागं बी-१५ असायचा. स्टुडिओत मात्र त्याची बास ॲम्पशिवाय, माइक मॅक्लीन या अभियंत्यानं बनवलेल्या डब्यातून सरळ ध्वनिमुद्रणाच्या टेबलावर जाई. इथं खोक्यांची थोरवी गाणारा मी जरा अडचणीत येतो, हे कबूल. पण ज्या हाताला क्लबात रात्र रात्र त्या खोक्यानं वळण लावलं, तोच हात दिवसा स्टुडिओत येत होता, असं म्हणून मी सुटका करून घेतो.

मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावं नसत. जेमरसनचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. तोवर त्याची बास अमेरिकेतल्या घराघरांत वाजून गेली होती. १९८३ मध्ये तो गेला. त्याच्या काही दिवस आधी त्याची ती प्रिसिजन चोरीला गेली होती. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला २००० मध्ये घेतलं.

आपल्याकडे वेगळं काय झालं? पंचमच्या वाद्यवृंदात बास वाजवणारे टोनी वाझ किती जणांना ठाऊक आहेत? चरणजित सिंगही बास वाजवत. तेच, ज्यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात दहा रागांची तबकडी काढली आणि जिचं कौतुक जगानं जवळपास तीन दशकांनी केलं. ग्रेगरी बूथ यांनी २००८ च्या 'बिहाइंड द कर्टन' या पुस्तकात मुंबईच्या फिल्मी वादकांच्या मुलाखती घेऊन ठेवल्या, म्हणून निदान काही नावं उरली. त्यांत गोव्याची माणसं किती, हे मोजायला बसलं की इतर कामं राहतात. आणि आता बंगाली घरातली, मुंबईत वाढलेली मोहिनी डे जगभरच्या मंचांवर बास घेऊन पुढं उभी राहते. हे बघून मला जो आनंद होतो त्याचं आमच्या घरात कुणालाच काही वाटत नाही.

बरं, खोक्याकडे परत. बासची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. या सुराची हवेतली लाट भरते सव्वाआठ मीटर. आमचा अख्खा हॉल तेवढा लांब नाही. सूर एक सप्तक खाली न्यायचा आणि आवाज तेवढाच ठेवायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागंपुढं हलावं लागतं. ८ इंची पडद्याला ते झेपत नाही. मग लहान ॲम्पमधून खर्ज ऐकू येतो तो कसा?

कान फसतो म्हणून. तार एकटी ४१ वर वाजत नाही. ८२, १२३, १६५ असे वरचे स्वर तिच्यात मिसळलेले असतात. हे वरचे ऐकू आले की मेंदू गाळलेला तळाचा सूर आपणच भरून काढतो. गाणं शिकणाऱ्यांनी हा अनुभव रोज घेतलाय: मोबाइलवरच्या तानपुऱ्यात काळी एकचा खर्ज लावा. तो जवळजवळ ६९ चा सूर, फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून बाहेर पडणं शक्यच नाही, तरी खर्ज ऐकू येतो. जवारीमुळं तानपुऱ्यात हे वरचे स्वर किती समृद्ध होतात, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच लिहिलं होतं. जो लहान ॲम्प हे वरचे स्वर स्वच्छ देतो तो चांगला, आणि जो तळाचा सूर काढायच्या नादात गुरगुरतो तो वाईट. माझी पारख एवढीच.

त्यामुळंच घरात हळू वाजवताना 'बास' लिहिलेलं बटण पुरं फिरवणाऱ्यांना मी थांबवतो. आवाज कमी असला की माणसाचा कान खालच्या सुरांना आधी मुकतो; फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्ये आलेख काढून दाखवलं. बटण पिळून स्पीकर फक्त फडफडतो. 'मिड' थोडं चढवा, सूर उमटेल. ॲम्प भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो, म्हणून कोपरा टाळा. आणि फरशीवर तर ठेवूच नका. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर आले आणि म्हणाले, "अहो, तुमचं वाद्य काही ऐकू येत नाही, पण आमच्या कपाटातल्या बश्या वाजतात." तेव्हापासून ॲम्प स्टुलावर, स्टुलाखाली फोमची जाड गादी, आणि ॲम्पचं तोंड कानाकडे जरा कललेलं. बश्या गप्प झाल्या.

माझ्याकडच्या लहान खोक्यांत सर्वांत लाडकं म्हणजे रोलंडचं 'मायक्रो क्यूब बास आरएक्स'. ४ इंची चार स्पीकर, सहा पेन्सिल सेलवर चालणारं, ताकद जेमतेम ५ वॉट. गच्चीत घेऊन जावं, वीज गेली तरी फिकीर नाही. मूळचा ब्रिटिश असलेला फिल जोन्स तर हट्टानं बाससाठीही मोठे स्पीकर टाळून ५ इंची स्पीकरांची फौज लावतो, आणि त्यातून जे स्वच्छ ऐकू येतं ते थक्क करणारं. ट्रेस एलियटचा 'एल्फ' हातात मावतो, वजन पाऊण किलोच्या आत, ताकद २०० वॉट; स्पीकर मात्र वेगळा जोडायचा. हलकेपणा पटतो, पण हा प्रकार मला मोबाइलच्या चार्जरसारखा दिसतो. व्हॉक्सचा 'ॲमप्लग' थेट गिटारच्या जॅकमध्ये खोचून हेडफोन लावायचा, वसतिगृहातल्या मुलांसाठी उत्तम. पण हेडफोनवर वाढलेल्या वादकाला ड्रमरशेजारी उभं केलं की तो गडबडतो. खोलीतली हवा हलवण्याची त्याला सवयच नसते.

गिटारींबद्दल काहीच न लिहिणं बरं दिसणार नाही, म्हणून जमवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जुनी फेंडर कुणी विकायला काढली, तर रंगरूप बघण्याआधी आतली बटणं बघावीत. त्यांच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन कारखान्याचे, मग वर्ष, मग आठवडा. १३७६६३३ म्हणजे सीटीएस या कारखान्यानं १९६६ च्या ३३ व्या आठवड्यात बनवलेलं बटण. बटण मूळचंच असेल, तर गिटार त्याआधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते. मडगावात एकानं मला '१९६६ ची अस्सल' म्हणून जाझ बास दाखवली. स्क्रू काढले तर आत १३७७४१२. मी आकडा वाचून दाखवल्यावर तो शांतपणे म्हणाला, "पण दिसायला तर सासष्टचीच आहे ना, सर!"

फिंगरबोर्डच्या काळसर लाकडाचंही एक राजकारण आहे. आपली शिसवी, सह्याद्रीत वाढणारी, जगभरच्या गिटारींवर असते. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या साऱ्या गोतावळ्यावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. फेंडरनं मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींना पाव फेरो हे दुसरं लाकूड लावलं, आणि २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. त्या मधल्या काळातली पाव फेरोवाली बास कुणी 'दुय्यम' म्हणून स्वस्तात देत असेल, तर खुशाल घ्यावी. पावसाळ्यात नेक वाकतं ते दोन्ही लाकडांचं सारखंच. सिलिका जेलच्या पुड्या, तारांवरून कोरडं फडकं आणि जूनच्या अखेरीस नेकमधल्या सळईला जेमतेम पाव आटा, बस्स.

बी-१५ मात्र अजून घरात आलेला नाही. अमेरिकेत भाचीच्या गॅरेजपर्यंत आणता येईल असा एक बघून ठेवलाय. अडचण विजेची आहे. तो ११७ व्होल्टवर चालणारा, आपल्याकडे २३०. बुधवार पेठेत व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून कागदावर हिशेब केला, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर गुंजणार नाही असा हवा तर तो मोठाच लागेल म्हणाले, आणि विचारलं, "ॲम्पला चाकाची गाडी आहे म्हणता, मग ट्रान्सफॉर्मरला वेगळी करायची, की तिच्यावरच बसवायचा?" गाडीवरच बसवायचा, असं सध्या ठरलंय. भाचीला अजून कळवलेलं नाही.