शर्यतीची गाडी

शर्यत म्हटली की आपल्या कोल्हापूर भागातला माणूस कान टवकारतो. बैल कोणाचे, गाडी किती हलकी, गाडीवान किती तयारीचा, याच्या गप्पा पारावर आठवडाभर रंगतात.

याच कोल्हापुरात मोटारींच्याही शर्यती होतात. येथील मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर कार्ट-शर्यतींच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक 2018 साली इंग्लंडमध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री या स्पर्धेत उतरले होते. तेव्हा ही शर्यतीची गाडी असते तरी कशी, ते आज आपण पाहू या.

लहान इंजिन, मोठी ताकद

कार्ट म्हणजे शर्यतीची सर्वांत लहान गाडी. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार छोटी चाके, एक बैठक आणि एक इंजिन. छप्पर नाही, दार नाही, स्प्रिंगासुद्धा नाहीत. चालवणारा जमिनीला जवळजवळ टेकूनच बसतो. वजन खाली राहिले म्हणजे गाडी सहसा उलटत नाही. उसाची उंच भरलेली ट्रॉली वळणावर कशी कलते, ते आपण पाहतोच. हे त्याच्या उलट.

मोठ्या मुलांच्या कार्टला बहुधा 125 सीसीचे इंजिन असते. तुम्ही म्हणाल, एवढे तर आमच्या मोटरसायकललाही असते! खरे आहे. पण मोटरसायकलचे इंजिन सुमारे 11 अश्वशक्ती देते आणि कार्टचे जवळजवळ 30. हे कसे काय? कार्टचे इंजिन मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेते. शिवाय त्यात प्रत्येक फेऱ्याला एकदा पेट्रोलचा भडका होतो. आपल्या मोटरसायकलमध्ये तो दोन फेऱ्यांत एकदा होतो.

मग असले इंजिन मोटरसायकलला का बसवीत नाहीत? कारण ते पेट्रोल फार पिते आणि लवकर झिजते. थोडे तास पळाले की ते खोलावे लागते. शर्यतीचा बैल कोणी रोज नांगराला जुंपत नाही, तसेच हे.

वळणावरची गंमत

बैलगाडी वळताना नीट पाहा. बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्या चाकाला जवळचा. म्हणून बाहेरचे चाक जास्त फिरते. दोन्ही चाके आसावर आपापली मोकळी फिरतात, त्यामुळे काही अडत नाही. ट्रॅक्टरमध्ये हेच काम डिफरन्शियल करतो. चिखलात एक चाक नुसते गरगरू लागले की आपण त्याला लॉक लावतो. मग दोन्ही चाके एकजुटीने फिरतात. पण लॉक लावून ट्रॅक्टर वळवायचा नसतो, हे ट्रॅक्टरवाल्याला सांगायला नको.

कार्टला डिफरन्शियलच नाही. मागची दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात. म्हणजे कायमचा लॉक! मग ती वळते कशी? पुढची चाके अशा तिरकसपणाने बसवलेली असतात की स्टिअरिंग फिरवताच आतल्या बाजूचे पुढचे चाक खाली दाबले जाते. सांगाडा थोडा पिळतो आणि त्याच बाजूचे मागचे चाक जमिनीवरून किंचित उचलते. उचललेले चाक अडवणार कोणाला? गाडी तीन चाकांवर झरकन वळते. एकही यंत्र न वाढवता केलेली ही कारागिरी आहे.

थांबण्याची विद्या

पाहणारा वेगाला टाळ्या देतो. पण गाडी बांधणारा आधी ब्रेकचा विचार करतो. वेग दुप्पट झाला की थांबायला जागा दुप्पट नव्हे, चौपट लागते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर 40 किलोमीटरच्या वेगात ब्रेक दाबला, तर गाडी सुमारे 30 फुटांत थांबते. तीच 80 च्या वेगात असेल, तर 120 फूट लागतात. शिवाय समोरचे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंदभर जातो. तेवढ्यात 80 च्या वेगाची गाडी आणखी 70 फूट पुढे गेलेली असते. दोन्ही मिळून झाले 190 फूट.

जीव राखणारी कमान

जगातली सर्वांत मोठी मोटारशर्यत म्हणजे फॉर्म्युला वन. तिथल्या गाड्या ताशी 300 किलोमीटरच्या पुढे पळतात. 2018 सालापासून त्या गाड्यांत चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियम धातूची कमान सक्तीची झाली. कित्येकांनी तेव्हा नाके मुरडली. गाडी कुरूप दिसते, म्हणाले.

29 नोव्हेंबर 2020 रोजी बहारीन येथे रोमां ग्रोजां या चालकाची गाडी पहिल्याच फेरीत लोखंडी कठड्यात घुसली. गाडीचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. सुमारे 28 सेकंदांनी तो माणूस आपल्या पायांनी बाहेर आला. हात भाजले होते, पण जीव वाचला. कमानीने डोके राखले. आगीला दाद न देणाऱ्या कपड्यांनी अंग राखले. डॉक्टरांची गाडी पहिल्या फेरीत मागोमागच धावत होती, ती लगेच पोचली.

आपला रस्ता

आता आपल्या रस्त्याकडे पाहू. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही. कडेला टायरांची भिंत असते. निशाणे घेतलेली माणसे उभी असतात. अंगात जाड कपडे, हातांत मोजे आणि डोक्याला हेल्मेट असल्यावाचून कोणाला आत सोडत नाहीत.

आपल्या रस्त्यावर यातले काय आहे? गळिताच्या दिवसांत रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असते. वळणावर म्हशी येतात. शाळेची पोरे रस्ता ओलांडतात. अशा रस्त्यावर पोरगा मोटरसायकल 80 ने सोडतो, तेव्हा त्याला थांबायला 190 फूट हवे असतात. त्याच्या दिव्याच्या उजेडात तेवढे दिसते काय?

पोराला वेगाची हौस असेल तर तिला नावे ठेवू नका. त्याला एकदा ट्रॅक दाखवा. तिथे तो पाहील, की सर्वांत वेगवान माणूससुद्धा आधी हेल्मेटचा पट्टा आवळतो आणि मगच गाडी चालू करतो. आणि आपली ट्रॉली असेल, तर तिच्या मागे आजच तांबडा दिवा लावा. तो लांबून दिसला, तर कोणाच्या तरी पोराला थांबायला जागा मिळेल.