साखरेवाचून गोड

मराठी माणसाच्या भाषेत साखर फार आहे. लग्न ठरले की साखरपुडा. शुभ बोलणाऱ्याच्या तोंडात साखर पडो. आणि घरी आलेल्या पाहुण्याचे तोंड गोड केल्यावाचून त्याला निरोप द्यावयाचा नाही, असा आपला रिवाज. अशा समाजापुढे उभे राहून साखर कमी करा असे सांगणे म्हणजे माया कमी करा असे सांगण्यासारखे वाटते. म्हणून प्रारंभीच स्पष्ट करतो की, आजचा आमचा विषय गोड सोडण्याचा नव्हे. वरून साखर न घालता गोड पदार्थ कसा करावा, आणि तो करताना आपण स्वतःची फसवणूक कशी करून घेतो, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

फसवणुकीचा अनुभव आमच्याच घरचा आहे. आमच्या थोरल्या काकूंना बरीच वर्षे मधुमेह आहे. त्यांनी साखर सोडली, तेव्हा आम्ही सर्वांनी मोठ्या उत्साहाने घरात गूळ आणला. चहा गुळाचा, शिरा गुळाचा, संक्रांतीला गुळाच्या पोळ्या तर होत्याच. काकू ‘नको’ म्हणत, तेव्हा आम्हीच आग्रह करीत असू, “गुळाची आहे हो काकू, घ्या, गूळ बाधत नाही.” तीन महिन्यांच्या रक्तशर्करेचा अंदाज देणारी तपासणी झाली, तेव्हा आकडा खाली येण्याऐवजी चांगलाच वर गेलेला निघाला. डॉक्टरांनी काय काय खाल्ले ते विचारले आणि ते हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही मला साखरच खायला घातली म्हणायची!” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

गूळ म्हणजे काय, हे थोडे पाहू. उसाचा रस गुऱ्हाळात काहिलीत आटवितात, भेंडीच्या चिकट रसाने वा अन्य उपायाने त्यातील मळ वर आणून काढून टाकतात, आणि घट्ट झालेला पाक ढेपेत ओततात. कारखान्यात तोच रस अधिक शुद्ध करून साखरेचे दाणे वेगळे काढतात आणि मळी वेगळी निघते. गुळात ती दाण्यांबरोबरच राहते. या मळीमुळे गुळाला रंग, वास आणि थोडे क्षार मिळतात, हे खरे. परंतु १०० ग्रॅम गुळात ८० ग्रॅमच्या वर साखरच असते. मधाचेही तसेच: त्यात सुमारे ८० टक्के निरनिराळ्या शर्करा आणि बहुतेक उरलेले पाणी. क्षारांसाठी गूळ खावयाचा म्हटले तर त्याबरोबर इतकी साखर पोटात जाईल की, तो व्यवहार आतबट्ट्याचा ठरेल. क्षार हवे असतील तर पालेभाजी आणि कडधान्ये अधिक स्वस्त व अधिक निर्धोक आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मार्गदर्शक सूचना काढली, तीत याच कारणाने साखर, मध, पाक आणि फळांचा रस ही सर्व एकाच पंक्तीला बसविली आहेत. दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी उष्मांक या साखरेतून यावेत, आणि जमल्यास ५ टक्क्यांहून कमी, असे ती सूचना सांगते. ५ टक्के म्हणजे प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, सहा सपाट चमचे. दोन चमचे साखरेचा चहा चार वेळा घेणाऱ्याचा हा हिशेब गोडाचे पान वाढण्यापूर्वीच संपलेला असतो. आणि हा प्रश्न काही थोड्या घरांचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर होते. आज या सभागृहातील बहुतेकांच्या घरी एखादी काकू, एखादे आजोबा असतीलच.

आता कोणी विचारील की, अखंड फळ आणि दूध यांतही साखर असतेच. मग ती या सूचनेत का धरली नाही? कारण ती फळाच्या पेशींत, चोथ्यात आणि पाण्यात बांधलेली असते. ती चावावी लागते, पोट भरते, आणि हात आपोआप थांबतो. १९७७ साली इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग झाला. तेच सफरचंद काही जणांना अखंड, गर करून आणि रस काढून दिले. अखंड फळ खाण्यास जितका वेळ लागला, त्याच्या अकराव्या हिश्श्यात रस पिऊन झाला, आणि त्याने भूकही कमी भागली. फळ तेच, मोडतोड केल्याने त्याचा गुण पालटला. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची पाककृती आपोआप उलगडते.

त्यापूर्वी साखर स्वयंपाकघरात कोणकोणती कामे करते ते ओळखले पाहिजे. ती केवळ गोडी देत नाही. तिचा पाक लाडू बांधतो, वडी थापू देतो. ती पदार्थातील पाणी धरून ठेवते म्हणून तो टिकतो. भाजताना ती रंग आणते. साखर काढली की ही सर्व कामे उघडी पडतात. साखरेवाचूनची वडी मऊ राहते आणि दोन दिवसांत खराब होऊ लागते. म्हणून आमचा पहिला नियम असा की, साखरेच्या पदार्थाची नक्कल करू नये. बिनसाखरेचा मोतीचूर करण्याच्या नादी लागलेला माणूस शेवटी निराश होतो आणि साखरेच्या डब्याकडे वळतो. ज्या पदार्थाची मूळ वस्तूच गोड आहे तो निवडावा, थोडा करावा आणि ताजा खावा.

अशा वस्तू आपल्याकडे उदंड आहेत. सध्या चैत्र-वैशाख आहे, तेव्हा आंब्यापासूनच सुरुवात करू. चांगल्या पिकलेल्या हापुसाच्या रसात साखर घालणे हा आंब्याचा अपमान होय. तरीही अनेक घरी ती केवळ सवयीने पडते. शिकरणाचीही तीच गत. कच्च्या केळ्यात पिष्ट असते. फळ पिकताना त्या पिष्टाची साखर होते. सालीवर काळे ठिपके आलेले केळे घेतले, बोटांनी कुस्करले, दुधात कालवले आणि वेलदोड्याची चिमूट घातली, तर साखरेची आठवणही होत नाही. वसईकडे पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवितात, तीच सुकेळी. एक बोटभर सुकेळे तोंडात धरले की मिठाईची इच्छा भागते.

रताळ्याची गंमत निराळी आहे. रताळे मंद आचेवर हळूहळू तापले की, त्यातील एक पाचक द्रव्य पिष्टाचे रूपांतर माल्ट शर्करेत करते. भरकन शिजविले तर त्या द्रव्यास सवड मिळत नाही. म्हणून निखाऱ्यावर सावकाश भाजलेले रताळे अधिक गोड लागते. अर्थात, गोडी वाढली म्हणजे साखर वाढली. मधुमेही माणसाने सालीसकट उकडलेले रताळे, तेही मोजून घ्यावे, हे बरे.

दूध आटविणे हा तिसरा मार्ग. एक लिटर दुधात ४५ ते ५० ग्रॅम दुग्धशर्करा असते. तिची गोडी साखरेच्या गोडीपेक्षा पुष्कळच कमी. पण दूध अर्ध्यावर आले की ती जिभेला जाणवू लागते. शरदात सीताफळे येतात तेव्हा असे आटविलेले दूध पुरते निववावे आणि दोन मध्यम सीताफळांचा गर त्यात मिसळावा. गरम दुधात घातल्यास दूध फाटण्याची भीती असते. ही बासुंदी सहा वाट्या होते, आणि तिच्यात वरून काहीच घालावे लागत नाही.

दुसरा नियम आंबटपणाचा. आंबट आणि गोड या चवी एकमेकींना दाबतात. श्रीखंडात चक्क्याच्या वजनाइतकी साखर घालण्याची चाल आहे, ती बरीचशी दह्याच्या आंबटपणामुळे. विरजण गोडसर असतानाच दही टांगले, चक्का ताजा वापरला आणि त्यात हापुसचा घट्ट गर समभाग मिसळला, तर आम्रखंड साखरेवाचून साधते. मात्र ते त्याच दिवशी संपवावे. उलट, पन्हे कैरीचे असल्याने ते गोडाची मागणी करणारच. तेथे गर कमी, पाणी अधिक आणि मीठ-वेलदोडा नेटका, एवढाच उपाय.

तिसरा नियम नाकाचा. वेलदोडा, जायफळ, केशर यांच्या वासाची आपल्या मनात गोडाशी गाठ बसलेली आहे. त्यांच्या सोबतीने थोडी गोडीही पुरेशी वाटते. मिठाची कणी तेच करते. शिवाय थंडगार पदार्थ कमी गोड लागतो, म्हणून बिनसाखरेची खीर कोमट वाढावी.

खजुराविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण आजकाल बिनसाखरेची बहुतेक मिठाई त्याच्यावर उभी आहे. वाळलेल्या खजुरात १०० ग्रॅमला ६५ ते ७० ग्रॅम साखर असते. तो कुटून त्याचा गोळा केला की, सफरचंदाच्या गराची जी गोष्ट वर सांगितली तीच येथे घडते. तेव्हा खजूर वर्ज्य नाही, पण त्याचा हिशेब ठेवावा. १०० ग्रॅम बिनबियांचा खजूर, १०० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि मूठभर भाजलेले तीळ एकत्र कुटून सोळा लाडू वळले, तर प्रत्येकात सुमारे चार ग्रॅम साखर जाते, म्हणजे एक चमचा. एक लाडू खाणारा सुखी. चार खाणाऱ्याने आपण साखर सोडली आहे असे म्हणू नये. बाजारात मिळणाऱ्या कृत्रिम गोडीच्या गोळ्यांविषयीही विचारणा होते. केवळ वजन आटोक्यात राहावे म्हणून त्या घेऊ नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिला. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

यावर घरातील मंडळी म्हणतील, “हे सारे ठीक, पण गोड लागत नाही त्याचे काय?” जीभ शिकविता येते, असे आमचे उत्तर आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांनी तीन महिने साखरेतून मिळणारे उष्मांक ४० टक्क्यांनी कमी केले. अखेरीस त्यांना तीच खीर पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागली. त्यांची गोडाची आवड काही मावळली नाही. पण कमी साखरेत अधिक गोडी जाणवू लागली. आपणही चहातील साखर दर पंधरा दिवसांनी पाव चमचा उतरवीत जावी. एकदम सोडणारा बहुधा एकदम परतही येतो.

आणि जे साधत नाही ते मान्य करावे. पुरणपोळीला पर्याय नाही. डाळीबरोबर गूळ शिजल्यावाचून पुरण होत नाही, आणि खजुराच्या पुरणाला पुरण म्हणण्यात अर्थ नाही. ज्यांना डॉक्टरांनी मना केलेले नाही, त्यांनी होळीला पुरणपोळी पुरणपोळी म्हणूनच खावी. अर्धी खावी, तुपाबरोबर सावकाश खावी. वर्षाचे चार सण आपले आरोग्य बिघडवीत नाहीत. ते बिघडविते रोजची नकळत पडणारी साखर. तसेच, साखर नाही म्हणून पदार्थ कितीही खाल्लेला चालतो, हेही खरे नव्हे. मधुमेहावरील औषध किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने फळ, दूध आणि पीठ यांचाही हिशेब डॉक्टरांच्या सल्ल्याने ठेवला पाहिजे.

शेवटी पुन्हा काकूंकडे येतो. गुळाचे प्रकरण झाल्यावर आम्ही त्यांच्यासाठी प्रत्येक सणाला निराळा पदार्थ करू लागलो. पानात सर्वांना श्रीखंड आणि काकूंपुढे एक वेगळी वाटी. एके दिवशी त्यांनी ती वाटी बाजूस सारली. म्हणाल्या, “मला वेगळे काही नको. घरात जे सगळ्यांना वाढाल, त्यातलेच चार घास मला द्या. आजाऱ्यासारखे एकटीने गोड खाण्यापेक्षा न खाल्लेले बरे.” मग आमच्या ध्यानात आले की, प्रश्न काकूंच्या वाटीचा नव्हताच, साऱ्या पंक्तीचा होता. त्या वर्षीच्या कोजागिरीला सर्वांसाठीच सीताफळाची बासुंदी केली आणि साखर नाही हे कोणालाही सांगितले नाही. मुलांनी वाट्या पुसून खाल्ल्या. काकूंनी मोजून अर्धी वाटी घेतली आणि पंक्तीतून शेवटी उठल्या.

श्रोतेहो, घरातील एका माणसासाठी वेगळे शिजविण्यापेक्षा सर्वांसाठी थोडे बदलून शिजवावे, एवढीच आमची विनंती आहे. ज्याला आज आजार आहे त्याला त्यामुळे पंक्तीत बसता येईल; आणि ज्याला तो उद्या होण्याचा संभव आहे, त्याचेही त्यात हित आहे.