नवलाची गोष्ट आणि तिची पारख

नवलाची गोष्ट कानी पडली की ती दुसऱ्याला सांगितल्यावाचून राहवत नाही. मुळशी तालुक्यातल्या मारुंजीकडेच पाहा. हिंजवडीच्या शेजारामुळे तेथे शेतांच्या कडेला उंच इमारती उभ्या राहिल्या; पण देवळाच्या कट्ट्यावर काय किंवा इमारतीखालच्या बाकावर काय, चार मंडळी जमली की ‘अहो, तुम्हांला ठाऊक आहे का?’ ही सुरुवात ठरलेली. या हौसेला आम्ही नावे ठेवणार नाही. ज्ञानाची पहिली पायरी कुतूहल हीच होय. ऐकलेले नवल पारखावे कसे, एवढाच आमचा विषय आहे.

सर्वांच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. चंद्रावरून पाहिले तर चीनची भिंत नुसत्या डोळ्यांना दिसते, असे शिकलेली माणसेही सांगतात. याचा निकाल लावण्यास चंद्रावर जाण्याचे कारण नाही; शाळेतले त्रैराशिक पुरेसे आहे. भिंत लांब खरी, पण तिची रुंदी साधारण पाच-सहा मीटर. चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटर दूर. हे प्रमाण लहान करून मांडले, तर मारुंजीत उभे राहून सुमारे साडेचार किलोमीटरवर ताणून धरलेला डोक्याचा एक केस दिसावा, तसे ते होईल! लांबी कितीही असो, केस तो केसच. मौज अशी, की माणूस चंद्रावर उतरला 1969 साली, आणि ही वार्ता छापली जात होती त्याच्या कितीतरी आधीपासून. साक्षीदार एकही नव्हता. साक्ष मात्र सर्वत्र पसरली होती.

याउलट, आपल्या शेजारचे एक खरे नवल फारसे कोणी सांगत नाही. पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. तेथील संशोधक डॉ. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांना पिंपरीच्याच मातीत एक सूक्ष्म जीव सापडला. त्यापासून बुरशीजन्य रोगांवरचे ‘हॅमायसिन’ हे औषध निघाले, आणि 1961 साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्या जीवाचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. पिंपरी अशी जीवशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसली! याच कुळातले जीव मातीत जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात. वळवाच्या पहिल्या सरीनंतर येणाऱ्या मातीच्या वासात त्या द्रव्याचा मोठा वाटा असतो.

येथवर सारी करमणूक झाली. चीनच्या भिंतीविषयी चूक झाली, तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु याच बैठकीत एखादा गृहस्थ सांगतो, ‘सर्दीवर अमुक गोळी घ्या, दोन दिवसांत उतार पडतो.’ ती गोळी पेनिसिलीनच्या वर्गातली असली, तर गोष्ट थट्टेची राहत नाही. पेनिसिलीन जीवाणूंची बाहेरची भिंत नीट बांधू देत नाही, म्हणून ते मरतात. साधी सर्दी होते ती विषाणूंमुळे, आणि त्यांना अशी भिंतच नसते. मग गोळी पाडणार काय? सर्दी आपल्या वेळेने बरी होते आणि श्रेय गोळीला मिळते. मध्यंतरी शरीरातले दुबळे जीवाणू मरून त्या औषधाला दाद न देणारे चिवट तेवढे शिल्लक राहतात व वाढतात. पुढे खरोखरच गरज पडली, की तेच औषध निरुपयोगी ठरण्याची भीती असते. ऐकीव गोष्टीची किंमत अशी कधीकधी जिवाने मोजावी लागते.

म्हणून नवल ऐकताच तीन प्रश्न विचारावेत. हे प्रथम कोणी पाहिले? त्याला ते कळले कसे? आणि हे खोटे निघाले, तर नुकसान कोणाचे? पहिल्या दोहोंची उत्तरे मिळाली, तर नवल खुशाल पुढे सांगावे. ती मिळाली नाहीत आणि तिसऱ्याचे उत्तर ‘ऐकणाऱ्याचे’ असे आले, तर ते आपल्यापाशीच थांबवावे. कट्ट्यावरच्या गप्पांची गोडी त्याने तिळमात्र कमी होणार नाही.