पडत राहणारे घर

सूर्यास्तानंतर अंधार दाटू लागला, म्हणजे साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावरून कधी कधी एक तेजस्वी ठिपका आकाश ओलांडून जाताना दिसतो. विमानाच्या दिव्याप्रमाणे तो लुकलुकत नाही, की ताऱ्याप्रमाणे एका जागी थांबत नाही. वायव्येकडून आग्नेयेकडे तो निघालेला असेल, तर साताऱ्याहून सांगलीपर्यंतचे अंतर तो अवघ्या पंधरा सेकंदांत तोडतो. हा ठिपका म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक होय. जमिनीवर रात्र पडली तरी सुमारे 400 किलोमीटर उंचीवर ऊन असते. त्या उन्हानेच ते चमकते. नोव्हेंबर 2000 पासून तेथे माणसांचा वास अखंड चालू आहे.

एवढे अवजड स्थानक खाली कसे पडत नाही, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. तेवढ्या उंचीवर पृथ्वीचे आकर्षण पोहोचत नसावे, असे पुष्कळांना वाटते. पण ही समजूत चुकीची आहे. जमिनीवरील आकर्षणाचा जवळजवळ नऊ दशांश भाग तेथेही असतो. खरे पाहता, ते स्थानक सतत पडतच असते!

किल्ल्यावरून दगड भिरकावला, तर तो वळत वळत खाली येतो. अधिक वेगाने फेकला, तर अधिक दूर पडतो. समजा, हवेच्या पलीकडे जाऊन एखादी वस्तू सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने फेकली. त्या एका सेकंदात ती चार मीटरांहून थोडी अधिक खाली येते; परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे तिचा पृष्ठभागही तेवढाच खाली वळलेला असतो. म्हणून ती वस्तू पडत राहते, पण जमीन काही तिला गाठता येत नाही. स्थानक याच रीतीने सुमारे दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करते.

विहिरीत सोडलेल्या पोहऱ्याचा दोर मध्येच तुटला, तर पोहरा आणि त्यातील खडा बरोबरच पडू लागतात. खडा तळावर दाब देत नाही. स्थानकातील माणसांची हीच स्थिती असते. म्हणून ती तरंगतात.

25 जून 2025 रोजी भारतीय वायुदलाचे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अमेरिकेतून या स्थानकाकडे निघाले. अमेरिकेच्या पेगी व्हिटसन या त्या मोहिमेच्या प्रमुख होत्या. पोलंड व हंगेरी या देशांचा एकेक अंतराळवीर त्यांच्या सोबत होता. 1984 साली राकेश शर्मा सोव्हिएत अंतराळवीरांबरोबर सॅल्यूट 7 या स्थानकावर गेले होते; त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी दुसरा भारतीय नागरिक पृथ्वीभोवतीच्या कक्षेत गेला. उंची केवळ 400 किलोमीटर, तरी यानाला स्थानकाशी जोडले जाण्यास सुमारे 28 तास लागले. धावत्या गाडीतून दुसऱ्या धावत्या गाडीत सामान द्यावयाचे, तर दोहोंची वाट व वेग एक व्हावा लागतो. तसेच हे आहे.

वजन न जाणवणे मौजेचे वाटले, तरी शरीराला ते मानवत नाही. ज्या स्नायूंना भार पेलावा लागत नाही ते दुबळे होतात, हाडेही झिजतात. म्हणून तेथे राहणाऱ्यांना नित्य व्यायाम करावा लागतो. शुक्ला यांनी स्नायूंच्या पेशींवर प्रयोग केले. कृष्णाकाठच्या घराघरांत ज्यांची उसळ होते, त्या मुगाला व त्याबरोबर मेथीलाही त्यांनी तेथे मोड आणले. दीर्घ प्रवासात माणसाला ताजे अन्न मिळावे, याचा शोध त्यामागे होता. 15 जुलै 2025 रोजी हे चौघेही प्रशांत महासागरात सुखरूप उतरले.

सांगलीच्या आयर्विन पुलावर उभे राहून एखाद्या संध्याकाळी तो ठिपका पाहावा. निरनिराळ्या देशांची माणसे त्या एकाच घरात राहतात, एकच हवा श्वासात घेतात आणि एकमेकांच्या भरवशावर, न थांबता, पृथ्वीभोवती पडत राहतात.