ढोकीचा पाऊस पडद्यावर कसा दिसावा?

जूनच्या मध्यावर ढोकी गावाच्या शिवारात एकच प्रश्न असतो: सोयाबीन पेरायचं की थांबायचं? राज्याच्या महावेध प्रकल्पामुळे महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आली, पावसाचे आकडे फोनवर पोचले. पेरणीचं उत्तर मात्र त्यात शोधावं लागतं.

समजा, दोन मंडळांत जूनमध्ये सारखाच १२० मिलिमीटर पाऊस झाला. एकीकडे तो दहा-बारा दिवस बेताबेतानं पडला. दुसरीकडे दोन रात्रींत कोसळून ओढ्यानं वाहून गेला आणि मग पंधरवडाभर उघडीप. एकूण पावसाच्या रंगीत नकाशात दोन्ही मंडळं सारखीच निळी. दुसरीकडे दुबार पेरणीची पाळी येऊ शकते, याचा मागमूसही नाही.

तोच पाऊस रोजच्या उभ्या स्तंभांत मांडला, की मधला खंड लगेच नजरेत भरतो. खाली साठत जाणाऱ्या पावसाची रेघ आणि ७५ ते १०० मिलिमीटरचा आडवा पट्टा काढावा. तेवढा पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतोच. संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की एकाच मापपट्टीवरची जागा माणूस लांबी किंवा कोनापेक्षा अचूक जोखतो. रंगाच्या छटांना त्यांनी क्रमवारीत तळाशी ठेवलं होतं. तरी आपल्याकडे पाऊस म्हटलं की रंगीत नकाशाच पुढे येतो!

तलाठ्याचा प्रश्न निराळा. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला का? झाला, तर अतिवृष्टी आणि पुढे पंचनामे. आकडे तेच, पण त्याला पडदा वेगळा हवा.

आधी समग्र चित्र, मग जवळून पाहणं आणि गाळणी, तपशील मागाल तेव्हा, असा पडद्यावर माहिती दाखवण्याचा क्रम संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये मांडला. अधिकाऱ्यांसाठी तो उत्तम आहे. शेतकऱ्याला मात्र आधी स्वतःचं मंडळ दिसावं, जिल्हा नंतर, असं मला ठामपणे वाटतं. भर उन्हात बांधावर, साध्या फोनवर तो पेरणीचा निर्णय घेऊ शकतो का, हे त्याच्याशेजारी उभं राहून पाहिल्याखेरीज असं साधन पुरं झालं म्हणू नये.

आणि एक. मंडळाच्या केंद्रावर पाऊस पडतो, चार किलोमीटरवरचं शिवार कोरडं राहतं. म्हणून केंद्र आपल्या रानापासून किती लांब आहे ते पडद्यावर दिसावं आणि घरच्या पर्जन्यमापकाची नोंद केंद्राच्या स्तंभाशेजारी टाकता यावी.