सिक्वेन्स मोठा की कलर?

फराळाची ताटे उचलली गेली, की सतरंजीवर पत्त्यांचा कॅट येतोच. चिंचोक्यांच्या बोलीवर तीन पत्ती सुरू होते आणि तासाभरात एक वाद हटकून निघतो. अमेरिकेहून सुट्टीवर आलेला भाचा कलर उघडून चिंचोके ओढायला हात पुढे करतो. मामा आपला सिक्वेन्स समोर टाकून तो हात अडवतात.

"मामा, पोकरमध्ये कलर मोठा!"

"असेल तुझ्या पोकरमध्ये!"

गंमत अशी, की दोघांचेही खरे आहे. पत्त्यांतला मानपान दुर्मिळपणावर ठरतो. जे क्वचित येते ते मोठे. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० तऱ्हांनी येऊ शकतात. त्यांत कलर १,०९६. (कलर म्हणजे लाल-काळे नव्हे, तिन्ही बदाम, नाहीतर तिन्ही इस्पिक, असे.) ओळीने आलेली पण मिश्र जातीची पाने, म्हणजे साधा सिक्वेन्स, फक्त ७२०. तेव्हा मामांचा हात वरचढ.

पोकरमध्ये मात्र पाने पाच. तिथे कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००! असे उलटे का व्हावे? सिक्वेन्समधले प्रत्येक पान चारांपैकी कोणत्याही जातीचे चालते. चौकी-पंजी-छक्की ही ओळ चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ तऱ्हांनी जमते. पाच पानांची ओळ १,०२४ तऱ्हांनी, चक्क सोळापट. उलट १३ बदामांतून तीन उचलायच्या तऱ्हा २८६ आणि पाच उचलायच्या १,२८७, म्हणजे जेमतेम साडेचारपट. पाने वाढली, की कलरच्या मानाने ओळ स्वस्त होते.

सर्वांत वरच्या पायरीवर मात्र तीन पत्ती हिशेबाला जुमानत नाही. तीन एक्के, तीन राजे असे ट्रेल ५२ होतात, आणि एकाच जातीचे सिक्वेन्स ४८. म्हणजे दुर्मिळ सिक्वेन्सच. पण मान ट्रेलला! इंग्रजांच्या ब्रॅग या तीन पानी खेळातही हेच आहे. रूढी म्हणायची, दुसरे काय? पोकर इथे अधिक न्यायी. एकाच जातीची पाच पानी ओळ ४० तऱ्हांनी येते, चार सारखी पाने ६२४ तऱ्हांनी. आणि ओळच मोठी धरतात.

खरी मेख आहे ती जोडीत. तीन पत्तीत दर चार हातांपैकी जवळजवळ तीन हात अगदी रिकामे, ना जोडी ना कलर. म्हणून दुर्रीची जोडी आली तरी तोंड वाकडे करू नये. पोकरमध्ये नुसती एक जोडी शंभरात बेचाळीस वेळा येते. तिथे तिचे कौतुक ते काय! भाचा सवयीने लहान जोडी टाकून देतो, तिथे त्याचे चिंचोके जातात. मामा पोकरला बसले, तर त्यांचे जातील.

एका तंट्यावर मात्र गणिताकडे औषध नाही. एक्का-दुर्री-तिर्री ही ओळ कुठे दुसऱ्या क्रमांकाची, तर कुठे सर्वांत मोठी मानतात. जमण्याच्या तऱ्हा म्हणाल, तर त्या प्रत्येक ओळीच्या सारख्याच. तेव्हा ते पाने पिसण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. चिंचोके मध्ये पडल्यावर कोणी ऐकत नाही.