रब्बीच्या पेरणीआधी मांडा गावाच्या पाण्याचा ताळेबंद

पाऊस बरा झाला, ऑक्टोबरमध्ये विहीर काठोकाठ भरली, म्हणून गहू-कांद्याचे क्षेत्र वाढवले. आणि फेब्रुवारीत ऐन दाणे भरताना विहिरीने तळ गाठला. हा अनुभव अनेक गावांत येतो. अशा वेळी दोष पावसाला दिला जातो. पण बऱ्याचदा चूक पेरणीच्या वेळी झालेली असते, कारण विहिरीत दिसणारे पाणी आणि जमिनीत खरोखर असलेले पाणी यांचा हिशेब आपण मांडत नाही.

आपल्या खडकात पाणी किती मावते?

महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भूभाग बेसाल्ट म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात आणि भेगांमध्ये. खालचा अखंड पाषाण पाणी धरत नाही. तापी-पूर्णा खोऱ्यातील गाळाच्या जमिनीची साठवण याहून बरीच जास्त असते.

बेसाल्टमधून वापरण्याजोगे पाणी साधारण 1 ते 3 टक्केच मिळते. 2 टक्के धरले, तर एक हेक्टर क्षेत्राखालील भूजल पातळी 1 मीटरने खाली गेल्यावर फक्त 2 लाख लिटर पाणी हाती येते. एक हेक्टर हरभऱ्याला 6 सेंमीच्या दोन पाळ्या द्यायच्या तर 12 लाख लिटर लागतात, म्हणजे तेवढ्याच क्षेत्राखालील तब्बल 6 मीटर पातळी. ही तूट आजूबाजूच्या जमिनीतून येणाऱ्या पाण्याने भरून निघते. म्हणूनच तुमच्या विहिरीतले पाणी एकट्या तुमचे नसते. ते पाणलोटातील सर्वांच्या सामाईक साठ्यातून येते.

हिशेब गावाचा की पाणलोटाचा?

भूगोलाचे अभ्यासक पाण्याचा विचार पाणलोट क्षेत्रानुसार करतात. पाणी गावाची शीव ओळखत नाही. ते उतार आणि खडकाची ठेवण पाहून वाहते. त्यामुळे आधी नकाशावर माथा, मधला उतार आणि नाल्याकाठचा भाग वेगळा करावा. माथ्यावरच्या विहिरी आधी आटतात, नाल्याकाठच्या शेवटी. एकाच गावात सर्वांना एकच पीक सल्ला लागू पडत नाही, तो यामुळेच.

जमा बाजू

पावसाचा हिशेब सोपा आहे. एक हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. उदाहरणादाखल 500 हेक्टरचे, 1,500 लोकवस्तीचे आणि 600 मोठ्या जनावरांचे गाव घेऊ. पाऊस 500 मिमी झाला, तर एकूण पाणी 250 कोटी लिटर. यातील बराच भाग बाष्पीभवन, पिके आणि ओढ्या-नाल्यांवाटे जातो. बेसाल्टमध्ये खडकाच्या प्रकारानुसार साधारण 7 ते 14 टक्के पाऊस भूजलात मुरतो. 10 टक्के धरल्यास जमा 25 कोटी लिटर. बंधारे व पाझर तलावांत साठा असेल, तर तो वेगळा मोजून जमेत धरावा. खरिपात विहिरींतून उपसलेले पाणी मात्र वजा करावे.

खर्च बाजू (ऑक्टोबर ते मे, 240 दिवस)

- माणसे: 1,500 × रोज 55 लिटर = 1.98 कोटी लिटर
- जनावरे: 600 × रोज 50 लिटर = 0.72 कोटी लिटर
- ओढ्यात नैसर्गिकरीत्या पाझरणारे पाणी (10 टक्के) = 2.5 कोटी लिटर
- शेतीसाठी शिल्लक = 19.8 कोटी लिटर

ओढ्याचा वाटा वाया जाणारा समजू नये. त्यावर ओढ्याकाठची झाडे, गुरांचे पाणवठे आणि खालच्या गावाच्या विहिरी जगतात.

शिल्लक पाण्यात काय बसते?

हरभऱ्याला हेक्टरी 12 लाख लिटर, तर गव्हाला 6 सेंमीच्या पाच पाळ्या धरून 30 लाख लिटर लागतात. वरील शिलकीत नुसता हरभरा 165 हेक्टर बसतो, नुसता गहू 66 हेक्टर. दोन्ही घ्यायचे तर 100 हेक्टर हरभरा आणि 26 हेक्टर गहू.

मोकाट पाण्यावरील उसाला वर्षाला 200 सेंमीच्या आसपास पाणी धरले आणि त्यातून 50 सेंमी पाऊस वजा केला, तरी हेक्टरी दीड कोटी लिटर लागतात. या गावातील सर्व माणसांच्या आठ महिन्यांच्या पाण्याचा हा पाऊण हिस्सा झाला. ठिबक, तुषार आणि आच्छादनाने गरज कमी होते. पण वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवले, तर साठ्यावरचा ताण तसाच राहतो.

बोअर खोल नेल्याने प्रश्न सुटतो का?

बहुतेक वेळा नाही. खोलवर भेग लागली तरी ती वरच्याच साठ्यातून भरते. नवीन बोअरला लागलेले पाणी अनेकदा शेजारच्या विहिरीचे असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर आणि ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिके बंद ठेवली. तेथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो, पिण्याचे पाणी आधी राखले जाते आणि मगच पिके ठरतात.

सुरुवात कशी करावी?

1. माथा, मध्य आणि पायथा अशा तिन्ही भागांतील ठरावीक विहिरी निरीक्षणासाठी निवडाव्यात.
2. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत, सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी, वजन बांधलेल्या टेपने जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे.
3. पावसाची रोज नोंद ठेवावी. पर्जन्यमापक नसल्यास महसूल मंडळातील हवामान केंद्राचा आकडा घ्यावा.
4. आपल्या भागातील खडक आणि मुरण्याचे प्रमाण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून समजून घ्यावे. वरील 10 टक्के हे केवळ उदाहरण आहे.
5. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी हा हिशेब रब्बी पेरणीपूर्वी ग्रामसभेत फळ्यावर मांडावा.

पहिल्या वर्षी आकडे ढोबळ असतील. मे महिन्यात पातळी अंदाजापेक्षा किती खाली गेली ते पाहून पुढच्या वर्षी दुरुस्त करावेत. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती आल्या, की पेरणीपूर्वीच कोणते पीक शेवटच्या पाळीपर्यंत तग धरेल हे सांगता येईल.